त्रास नाही

खडीक्रशरच्या धुळीवर बंधनं आणायची म्हणून सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या. एरवी एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या क्रशरमालकांनी लगेच गळ्यात गळे घालून संघ काढला आणि आठ दिवसांत कामगारांच्या साडेतीन हजार हरकती खात्यात येऊन थडकल्या. 'धुळीचा मला काही त्रास नाही, नवा नियम नको.' सगळ्यांचा मजकूर एकच, खाली अंगठा.

आवक शिक्के मारता मारता कारकून बाईचा हात एका नावावर थांबला. तिचे वडील! तीस वर्षं क्रशरवर राबून, खोकून खोकून गेल्या वर्षी गेलेले. मालकांनी जुना हजेरीपट जसाच्या तसा उतरवला होता. त्यातली मेलेली माणसं गाळायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

कागद घेऊन ती तरातरा साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, हे माझे वडील. वारलेत ते. ही हरकत खोटी आहे."

साहेबांनी समोर चहा पीत बसलेल्या संघाच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कागद घेतला, सावकाश वाचला आणि तिला परत दिला.



"खोटं काय आहे यात, ताई? आता आहे का त्यांना काही त्रास?"