दुसऱ्या खेपेचे नमुने

वंचित वस्त्यांतल्या मुलींना आरोग्य संशोधनात आणणारी शिष्यवृत्ती तिला मिळाली. तिचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी तिला पहिलंच काम दिलं ते तिच्याच वस्तीतल्या बायकांच्या रक्ताचे नमुने आणायचं. डॉक्टरांच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या त्या चारशे बायकांनी केवळ तिच्या शब्दाखातर हात पुढे केले. वर्षभराने शोधनिबंध छापून आला. त्यावर पाच नावं होती, तिचं नव्हतं.

"सर, माझं नाव राहिलंय."

"राहिलं नाही, काढलं," सर मानही वर न करता म्हणाले. "सुया टोचायला काय अक्कल लागते? फुकटात शिकायला मिळतंय ना, मग गुमान काम कर."

ती बाहेर पडली.

दुसऱ्या खेपेला तिला वगळून सर स्वतःच चार जणांना घेऊन वस्तीत गेले. एकाही घराने दार उघडलं नाही. भर उन्हात गल्लीत उभं राहून शेवटी त्यांनी तिलाच फोन लावला.

"तुझ्या बायका ऐकत नाहीत. नमुने मिळाले नाहीत तर सगळा अभ्यास पाण्यात जाईल. त्यांना जरा समजावून सांग."

"कालच घरोघरी जाऊन समजावलंय, सर," ती म्हणाली.