पुढे गेलेली निळी गाडी

चुलीत अजून विस्तव होता.

मिरेयाने राखेवर हात धरून पाहिला. बाजूला फोडलेल्या लाकडांची नीट रास होती आणि पाऊस लागू नये म्हणून तिच्यावर नाल्का नावाच्या रानझाडाचं छत्रीएवढं पान झाकलेलं होतं. तळ्याकाठच्या त्या मोकळ्या जागेत दुसरं कोणीही नव्हतं. समोर डोंगराच्या खांद्यावरून हिमनदी लोंबत होती.

"कोणीतरी आपल्यासाठी ठेवलंय," ती म्हणाली.

"आपल्याला इथे कोण ओळखतंय?" गास्तोन तंबूच्या खुंट्या ठोकत म्हणाला.

तेमुकोहून निघाल्यापासून नवरा-बायकोत एवढंच बोलणं होत होतं. भांडण नव्हतं. भांडायचं ते हिवाळ्यातच भांडून झालं होतं. परत गेल्यावर मिरेया कॉन्सेप्सिओनला बहिणीकडे राहायला जाणार, हेही ठरलं होतं. दक्षिणेची ही सहल मात्र लग्न झाल्यापासून पुढे ढकलत आलेली. गास्तोनच्या मित्राने आपली लाल गाडी देऊ केली, तेव्हा मिरेयाच म्हणाली होती, निदान एवढं तरी करून टाकू.

दुसऱ्या मुक्कामी चुलीवर चक्क भांडं होतं. कोंबडी, बटाटे, भोपळा घातलेला गरम रस्सा. डाव आतच, आणि एक घाससुद्धा कोणी घेतलेला नाही. शेजारच्या फांदीवर एक मोजा वाळत होता.

जेवताना दोघांनी त्या मोज्यावरून माणूस ओळखायचा प्रयत्न केला. गास्तोनचं म्हणणं, निवृत्त वनरक्षक असणार; रानातल्या लोकांना अशी सवय असते, आपण निघताना मागून येणाऱ्याची सोय करून निघतात. मिरेया म्हणाली, विधुर आहे. रफू बघ कसं केलंय.

"माझे मोजेही मीच रफू करतो," गास्तोन म्हणाला.

"म्हणून तर ओळखलं."

मिरेयाला हसू आवरेना. मग तोही हसला. किती महिन्यांनी, ते दोघांनाही आठवलं नसतं.

पुढच्या गावात ब्रेड घेताना तिने दुकानवालीकडे चौकशी केली. दुकानवालीला माणूस चांगलाच लक्षात होता. छोट्या निळ्या गाडीतला, साठीच्या पुढचा, सभ्य. सकाळीच येऊन गेला. लाल गाडी इथून गेली का, असं त्याने दोनदा विचारलं. आत दोघंच आहेत की आणखी माणसं आहेत, हेही विचारलं.

"स्वयंपाकाचा अंदाज घेत असेल," मिरेया म्हणाली.

त्या दिवसापासून सहलीचा रंगच पालटला. हिरव्या-निळ्या सरोवराच्या कडेकडेने खडीचा रस्ता वळणं घेत होता, गोमाशा काचेवर आपटत होत्या, आणि दोघांचे डोळे पुढच्या धुळीकडे. एका दुपारी घाटाच्या चढावर ती निळी गाडी दिसलीच. गास्तोनने हॉर्न वाजवला, दिवे लावून विझवले. मिरेयाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून दोन्ही हात हलवले. निळ्या गाडीने एकदम वेग घेतला आणि वळणाआड गेली.

"लाजतोय बिचारा," मिरेया म्हणाली.

"काही माणसांना आभार सोसत नाहीत," गास्तोन म्हणाला. "माझे वडील तसेच होते."

वडिलांविषयी तो कधी बोलत नसे. त्या दिवशी तो पुढच्या मुक्कामापर्यंत बोलत राहिला, आणि मिरेयाने त्याला मध्ये तोडलं नाही. मुक्कामावर साफ केलेला, मीठ लावलेला मासा तव्यात त्यांची वाट पाहत होता.

सकाळी निघण्याआधी गास्तोन कुऱ्हाड घेऊन बराच वेळ लाकडं फोडत बसला. कोणासाठी, असं तिने विचारलं. मागून येतील त्यांच्यासाठी, तो म्हणाला. ती शेजारी बसली आणि रास रचू लागली.

कोच्राने गावात पोचल्यावर फोन लागला तेव्हा मिरेयाने बहिणीला सांगितलं, माझ्यासाठी खोली रिकामी करू नकोस. बहिणीने कारण विचारलं. निळ्या गाडीतला एक माणूस, असं मिरेया म्हणाली, आणि बहिणीचा भलताच गैरसमज होऊन तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

रस्ता समुद्राच्या खाडीशी येऊन संपला. पुढे फक्त लाकडी पायवाटा, होड्या आणि पाणी. वाहनतळाच्या टोकाला निळी गाडी उभी होती. गाडीच्या पायरीवर एक म्हातारा गृहस्थ कोरडा ब्रेड खात बसला होता. गालफडं बसलेली, एका पायात मोजा नाही.

मिरेया जवळजवळ धावतच गेली. वाटेत काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं, पण जवळ गेल्यावर नुसते डोळे भरून आले. मागून गास्तोन आला आणि त्याने तिचा हात धरला.

"आम्ही तुम्हालाच शोधत होतो," ती कशीबशी म्हणाली.

"ठाऊक आहे." म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठला. "पुढे रस्ता असता तर आजही सापडलो नसतो. एल्विराच्या भावांची लाल गाडी मी कोसावरून ओळखतो, बाई. त्यांना जाऊन सांगा, या वयात मी लग्नाला उभा राहणार नाही म्हणजे नाही. आणि तुम्हीही कमाल केलीत. पाठलाग करायचा तर करा, पण चुलीवरचं उतरवून चार घास खाईपर्यंत तरी थांबायचं होतंत."