येण्याचं कारण

पंचवटीतल्या त्या स्वस्त लॉजची तऱ्हाच न्यारी होती. खोल्यांना आकड्यांऐवजी नक्षत्रांची नावं, आणि किल्ली कुणी चुकून घरी नेऊ नये म्हणून तिला मुठीएवढी पितळी घंटा. सुरगाण्याहून आलेल्या कुसाबाईच्या हाती मॅनेजरने 'रोहिणी'ची घंटा ठेवली आणि रजिस्टरात येण्याचं कारण तिला न विचारताच लिहून टाकलं, 'देवदर्शन'. चौथीपर्यंतच शिकलेल्या कुसाबाईला उलट्या बाजूनेही ते वाचता आलं. "ते खोडा, भाऊ. मी देवाला नाय आले." मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाला, "मावशी, इथे सगळे देवालाच येतात. आणि खाडाखोड चालत नाही, रजिस्टर पोलीस तपासतात." पोलीस म्हणताच कुसाबाईच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. तिने पदर सावरला, घंटा काउंटरवर खणकन ठेवली. "खोडा बिनघोर. उद्याची अकादमीतली परेड बघाया आले मी. माझी पोरगी फौजदार झाली. पोलिसांचं मी बघते!"