गळ्याभोवतीचा पदर

"पोरगी पंधरा किलो उतरली की मंगच लग्नाची तारीख काढू," म्हणत होणाऱ्या सासूनेच मला खामगावच्या डॉक्टरकडे आणलं. आई सोबत होती. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू करण्याआधी खरं सांगा. रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झालाय? झाला असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही." सासूने आईकडे पाहिलं. आईने गळ्याभोवतीचा पदर घट्ट केला. त्याखालचा कॅन्सरच्या ऑपरेशनचा व्रण आम्ही सासरच्यांपासून लपवला होता. "नाही जी, आमच्यात कोणालेच नाही." डॉक्टरांनी लिहिलेली इंजेक्शनांची पेटी सासूने हौसेने घेऊन दिली. परतीच्या एसटीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा आईने ती हिसकावून पिशवीत कोंबली. "हे टोचून घेशील तर माह्यं मेलेलं तोंड पाह्यशील." "मंग खरं काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. आईने पिशवीचं तोंड बांधलं. म्हणाली, "सोयरीक मोडली असती. वजन उपाशी राहून बी उतरते."