आवाज बाहेर न जाणारी खोली

दार हललं नाही. मुलाने खांदा लावून पाहिला, मग पाठ लावून पाहिली. बाबांनी "सरक बाजूला" म्हणत स्वतः जोर लावला आणि कंबर धरून खाली बसले. बाहेरून दाराला काहीतरी जड टेकलं होतं. गोदामात दाराशेजारीच तयार गाद्यांची थप्पी होती. तीच कोसळली असणार.

"आई!" मुलगा ओरडला. "अगं ए!" बाबा ओरडले. दोघांचे आवाज भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच विरले. विरणारच. खोली त्यांनी आपल्याच हातांनी सजवली होती. चारही भिंतींना आपल्या कारखान्यातल्या सगळ्यात जाड गाद्या, छताला गाद्या, दाराला आतून गादी. पॉडकास्टसाठी आवाज कोंडणारी खोली हवी, असं मुलगा म्हणाला होता, आणि बाबांनी हात आखडता घेतला नव्हता. आता भिंतीवर मुठी आपटल्या, तर उत्तम प्रतीचा फोम तेवढा दबत होता.

फोन बाहेर टेबलावर. रेकॉर्डिंगला फोन आत आणायचा नाही, हा नियम बाबांचाच. बाहेरच्या कॉम्प्युटरपाशी एरवी आई हेडफोन लावून बसलेली असे. आज ती "तुम्ही बसा आत, मी पाहुण्यांना फाटकावरून घेऊन येते," म्हणून दार लोटून निघून गेली होती.

पाहुणा म्हणजे हॉटेलवाला. आजच्या भागात भागीदारी जाहीर व्हायची होती. त्याची सगळी हॉटेलं, यांच्या गाद्या, आणि कारखाना सांभाळणार मुलगा. एकदा हे माईकवर बोललं गेलं की तो कायमचा इथला झाला.

आणि तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? पॉडकास्टची कल्पना त्याचीच. बाबा तेव्हा हसले होते. गादीवर माणसाने झोपावं, तिच्याबद्दल ऐकायचं काय? पण गप्पांना आलेल्या एका लॉजवाल्याने जाता जाता सगळ्या खोल्यांसाठी गाद्या मागवल्या आणि बाबा एकदम पॉडकास्टचे भक्तच झाले. माणसाला स्वतःबद्दल बोलू द्यावं, तो खूश होतो, आणि खूश माणूस घासाघीस करत नाही, असा सिद्धान्तही त्यांनी मांडून टाकला. मुलाचा ठरलेला शेवटचा प्रश्न त्यांना फार आवडे: 'हे काम नसतं, तर काय केलं असतं?' त्या प्रश्नाला भलेभले विरघळत.

"गुदमरणार नाही ना रे आपण?"

"वर झरोका आहे, बाबा."

"मग बस. एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा मलाच विचार. तेवढाच सराव."

मुलगा समोर बसला. मध्ये माईक. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले आणि बाबांनी छापील जाहिरातीसारखी उत्तरं दिली. कापूस, फोम, शिलाई, सचोटी. दाराकडून काहीच हालचाल नव्हती. शेवटी शेवटचाच प्रश्न उरला, आणि तो मुलाने विचारून टाकला.

"झोपलो असतो," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग भिंतीवरच्या गादीचा एक सुटा दोरा ओढत बसले. हसू कधी गेलं ते कळलं नाही. "खरं सांगू? हॉटेलवाल्याला भागीदारी नकोच होती. त्याला अख्खा कारखाना विकत हवा होता. मला हो म्हणायचं होतं रे. कंबर गेली, कापसाची धूळ सोसत नाही. पण तू इतका जीव ओतून हे सगळं चालवतोस. तुझ्या पायाखालची जमीन कशी विकू? म्हणून मीच भागीदारीचं घोडं पुढे दामटलं."

मुलाला हसू आलं. किती वर्षं एकाच जेवणाच्या टेबलावर बसत होते दोघं!

"बाबा, मला गाद्यांत रस नाही. कधीच नव्हता. मला हा माईक आवडतो. दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओने आपले भाग ऐकून मला कामाला बोलावलंय. आज उत्तर द्यायचंय. नाही म्हणणार होतो."

"का?"

"तुम्ही एकटे पडाल म्हणून."

"गाढवा," बाबा म्हणाले. पण फार हळू म्हणाले. "कुणाजवळ बोलला नाहीस?"

"आईजवळ. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिला."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मीसुद्धा," ते म्हणाले. "तुला सांगायचं नाही म्हणून."

मुलाची नजर माईकवर गेली. त्यावरचा बारीक लाल दिवा चालू होता. मघापासून चालू असणार. ते भिंतींवर ओरडत बसले होते आणि बाहेर जाणारी तार नाकासमोर होती. तो माईकजवळ वाकला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आई?"

थोड्या वेळाने दार उघडलं. दारात आई उभी होती, गळ्यात हेडफोन, दम लागलेला. तिच्यामागे दारापासून हटवलेल्या गाद्या एकीवर एक नीट रचलेल्या होत्या. थप्पी कोसळल्याची कसलीही खूण नव्हती.

"पाहुणे कुठायत?" बाबांनी विचारलं.

"त्यांना उद्या बोलावलंय." तिने मनगटाने डोळे पुसले. "तोंड उघडायचं नाही, अशी शपथ दोघांनी घातली होती मला. दार लावायचं नाही, असं कुणीच म्हणालं नव्हतं."