हाताला कळणाऱ्या भिंती

इंटिरियर डिझायनर दिपालीने ऑफिसात माउस दाबला आणि पडद्यावरची बैठकीची भिंत पांढरी, गुळगुळीत झाली. पुन्हा दाबला, स्वयंपाकघरही तसंच झालं. बेलापुरात बांधायच्या आपल्या घराचं हे रूप पाहून राधाकृष्ण सर भलतेच खूश झाले.

"बस्स! सगळ्या भिंतींना हेच टाका, मॅडम. कसं झकास दिसतंय!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या आईला, बायडाबाईंना, यातलं काहीच दिसत नव्हतं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. तरी जुन्या घरात त्या एकट्या फिरत. सारवलेली भिंत संपली की चूल, दगड हाताला लागला की मोरी. नव्या घरात मोरीपर्यंत जायलाही कुणाचा तरी हात धरावा लागणार होता आणि त्याचीच त्यांनी धास्ती घेतली होती.

"पोरी, ही भिंत हाताला कशी लागंल?" त्यांनी विचारलं.

पाच वर्षांच्या नोकरीत हे दिपालीला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या महागड्या कॉम्प्युटरलाही ते सांगता येत नव्हतं. ती उठली. कपाटातले भिंतींच्या नमुन्यांचे तुकडे काढून तिने आजींच्या मांडीवर ठेवले.

"देव तुजं भलं करो," बायडाबाई म्हणाल्या. बाजारात भेंडी निवडावी तशा त्या एकेक तुकडा चाचपू लागल्या. मोरीच्या वाटेला रवाळ. स्वयंपाकघराकडे उभ्या रेघांचं. त्या सांगत गेल्या आणि दिपाली पडद्यावरच्या भिंतींना एकेक फिनिश चढवत गेली.

"अगं आई, हे घर आहे का गोधडी?" सर वैतागले. "लोक हसतील. मी नेईन की तुला धरून!"

"मग सगळी भिंत नको," दिपालीने तोड काढली. "हात जातो तेवढ्या उंचीवर वीतभर पट्टा करू. आजी, उभ्या राहा, माप घेते."

"माजं नगं. त्याचं घे."

"सरांचं? अहो, तेवढ्या उंचीवर तुमचा हात अवघडेल."

"अवघडू दे." बायडाबाई लेकाच्या आवाजाकडे वळल्या. "माज्या बापाचे डोळे असेच गेले, मंग माजे. डॉक्टर म्हनले, हे रगतात हाय, पोराला तपासायला धाडा. चार वर्सं झाली, गेलास का तू? मी आता किती दिस भिंती चाचपनार, बाबा? पट्टा तुला लागंल."

वर्ग दणाणून सोडणारे सर आईसमोर खाली बसले. आपण या माउलीला धरून न्यायच्या गोष्टी करत होतो! त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"उद्याच जातो तपासायला," ते म्हणाले. मग डोळे पुसून दिपालीकडे वळले. "मॅडम, पट्टे दोन करा. पहिलं माप आईचं घ्या."