उन्हाचं मलम

मिंझानं डबी उघडली, तशी तळपायाची आग मस्तकात गेली. उन्हाचं मलम कुणीतरी बोटांनी निपटून नेलं होतं. म्वांझा शहरातून मलम आणणारी दवाखान्याची गाडी आता पावसाळ्यानंतरच येणार. कातडीला जन्मापासून रंगच नसलेली तिची लेक पिली मानेवरचे फोड खाजवत होती. चिघळले तर कर्करोग होईल, डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. आणि भर दुपारी वरातीबरोबर तळ्याकाठच्या चर्चपर्यंत चालायचं होतं. मिंझा पिलीचा हात धरून तणतणत आत गेली. नवरी झालेली नणंद आरशासमोर बसलेली, तोंडावर मलमाचा जाड थर. "वहिनी, चिडतेस कशाला? याच्यामुळेच पिली गोरी राहते ना? एक दिवस मी लावलं तर..." बायका फिदीफिदी हसल्या. "गोरी? भवाने, ऊन जाळतं तिला!" मिंझानं बोटांनी नवरीचा गाल निपटला आणि मलम पिलीच्या मानेवर चोपडलं. नणंदेनं भोकाड पसरलं. "नंतर रड. आधी दुसरा गाल इकडे कर."